कोश, गाणी, पुस्तके : मराठी वाचकाच्या कामाची संकेतस्थळे

इंटरनेटवर मराठीत संदर्भाला घेण्यासारखे काही मिळत नाही, ही समजूत अजून अनेक शिकल्यासवरल्या घरांत पक्की आहे. ती आता खरी राहिलेली नाही. मोल्सवर्थचा कोश, केतकरांचा ज्ञानकोश, वाईचा विश्वकोश, जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियरे, भातखंड्यांचे संगीतावरचे ग्रंथ, हजारो भावगीते नि नाट्यगीते, जात्यावरच्या ओव्या, हरिभाऊ आपट्यांपासून साने गुरुजींपर्यंतची पुस्तके हे सगळे आज घरबसल्या आणि बहुतेक फुकट पाहता येते. अडचण निराळी आहे. हे धन वीस-पंचवीस ठिकाणी विखुरलेले आहे, एका ठिकाणाला दुसऱ्याची खबर नाही, आणि समोरचा मजकूर कुठल्या प्रतीवरून घेतला नि कोणी तपासला हे सांगणारी ठिकाणे थोडी आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘उपयुक्त साइट्स’च्या याद्या नेमक्या या प्रश्नापाशी थांबत नाहीत. मला मात्र संकेतस्थळाची योग्यता ठरवायला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात शब्दकोशांपासून करतो, कारण मराठीची बाजू सर्वांत भक्कम आहे ती इथेच. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या प्रकल्पात मराठीचे पाच कोश शोधता येतात. त्यांत सर्वांत जुना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची. जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू त्या कामात होते. प्रकल्पात आहे ती १८५७ची वाढवलेली दुसरी आवृत्ती. हा कोश नुसता अर्थ देऊन थांबत नाही. शब्द संस्कृतातला की फारसी-अरबीतला, कोकणातला की देशावरचा, त्यावरून म्हण कोणती निघाली, हेही तो सांगतो. पेशवाई जाऊन तेरा वर्षे झाली होती तेव्हा पहिली आवृत्ती निघाली. त्यामुळे शेती, लष्कर, सावकारी, स्वयंपाकघर यांतली बोली जशी कानावर पडली तशी त्यात उतरली. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याने किंवा जुनी पत्रे वाचणाऱ्याने आधी इथे यावे.

त्याच प्रकल्पात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनातला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. मुख्य विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५०मध्ये. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतून आणि तोही ग्रंथांतल्या अवतरणांच्या आधाराने देणारा इतका मोठा कोश आपल्याकडे दुसरा झाला नाही. अवतरण असले की वाचकाला कोशकाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. वापर डोळ्यांसमोर असतो आणि अर्थ पटतो की नाही ते स्वतः ठरवता येते. हीच शिस्त शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांच्या जुन्या मराठीच्या कोशात (१९९९) आणखी काटेकोर झाली आहे. लीळाचरित्र किंवा यादवकालीन शिलालेख वाचायला बसलेल्या माणसाला हा कोश हाताशी नसेल तर त्याने अंदाज बांधू नये, इतके माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या दोघांत वझ्यांचा १९११चा शालेय कोश लहान आणि सुटसुटीत आहे. फलटणमध्ये आयुष्य काढलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोश शिकणाऱ्यांसाठी आहे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या हाती पहिला कोश द्यायचा तर तो हाच द्यावा. वाक्यात शब्द कसा बसतो हे त्यात साध्या बोलीतून कळते.

शिकागोच्या प्रकल्पाचे पान इंग्रजी वळणाचे आहे, आणि एका वेळी एकाच कोशात शोध घ्यावा लागतो. ही अडचण ‘बृहद्कोश’ने दूर केली. स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या या संकेतस्थळावर एकदा शब्द टाकला की मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि इतर अनेक कोशांतल्या नोंदी एकाखाली एक येतात, आणि कुठली नोंद कुठल्या कोशातली हे प्रत्येकीवर लिहिलेले असते. मराठीवर प्रेम असणाऱ्यांनी अलीकडे केलेल्या कामांत मला हे फार मोलाचे वाटते. रोज लिहिणाऱ्या कुणालाही एकच पत्ता द्यायचा झाला तर मी हा देईन. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही शासनाच्या संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात. विज्ञान, कायदा, प्रशासन या विषयांत अनुवाद करणाऱ्याचे त्यांच्यावाचून चालत नाही, मात्र तिथे सापडलेला प्रत्येक शब्द लोकांच्या तोंडी आहे असे धरून चालू नये. कितीतरी शब्द कोशाबाहेर पडलेच नाहीत.

विश्वकोशांकडे वळले की काळाचा हिशेब ठेवावा लागतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२०च्या दशकात तेवीस खंडांत पुरा झाला. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने तो इंटरनेटवर आणला. एका माणसाने भागभांडवल उभे करून, दारोदार वर्गणीदार मिळवून हे काम तडीला नेले, हे आज वाचताना छाती दडपते. त्यातले विज्ञान जुने झाले आहे आणि जातींवरच्या नोंदींत त्या काळाची दृष्टी आहे. तरीही १९२०च्या सुमारास मराठी माणसाला जग कसे दिसत होते हे जाणायचे असेल तर त्याइतके चांगले साधन नाही. पहिले पाच प्रस्तावनाखंड तर स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचावेत. केतकरांतला समाजशास्त्रज्ञ तिथे मोकळेपणाने बोलतो.

मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत सुरू केले. पहिला खंड १९७६चा आणि विसावा २०१५चा. सगळे खंड आता ऑनलाइन आहेत. बहुतेक नोंदींखाली लेखकाचे नाव आणि पुष्कळ ठिकाणी संदर्भग्रंथ असतात, ही विश्वकोशाची मोठी जमेची बाजू. पण खंड अकारविल्हे निघाले, त्यामुळे ‘अ’पासून सुरू होणारा विषय सत्तरच्या दशकातल्या माहितीवर उभा असतो आणि ‘ह’चा विषय त्यानंतर तीन-चार दशकांनी लिहिलेला असतो. पडद्यावर दोन्ही नोंदी सारख्याच ताज्या दिसतात. म्हणून नोंद वाचताना ती कुठल्या खंडातली ते आधी पाहावे आणि त्यावरून साल काढावे. अणुऊर्जेची नोंद आणि हृदयरोगाची नोंद एकाच विश्वासाने वाचण्यात धोका आहे. हा दोष ओळखूनच विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळे नेमली आणि विद्यापीठे नि संस्था यांच्याकडून नव्या नोंदी लिहून घ्यायला सुरुवात केली. या नव्या नोंदी, विशेषतः विज्ञानाच्या, मला जुन्यांपेक्षा वाचायला सोप्या वाटतात. मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी त्या अवश्य वापराव्यात.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि त्यातल्या लेखांची संख्या आता लाखाच्या घरात आहे. संख्येवर जाऊ नये. दोन-चार ओळींचे लेख पुष्कळ आहेत, आणि इंग्रजीवरून यंत्राने उलथवलेली वाक्येही भेटतात. पण गावे, नद्या, किल्ले, नाटके, नियतकालिके यांवर जे लोक वर्षानुवर्षे निष्ठेने लिहीत आले त्यांच्या लेखांना दुसरीकडे जोड नाही. लेखाच्या तळाशी संदर्भ आहेत का ते पाहावे. ‘इतिहास’ हा दुवा उघडला की कुठले वाक्य कोणी कधी घातले हेही दिसते. छापील ग्रंथात न मिळणारी ही सोय आहे आणि फार थोडे वाचक ती वापरतात.

गॅझेटियरांबद्दल थोडक्यात. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनातली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. तो मजकूर आणि राज्य झाल्यानंतरच्या सुधारित आवृत्त्या राज्याच्या दर्शनिका विभागाने ऑनलाइन उपलब्ध केल्या आहेत. आपल्या तालुक्यातला बाजार, पिके, दुष्काळ, देवळे यांची सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची हकीकत तिथे आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेने ती लिहिलेली आहे एवढे भान ठेवले की पुरे.

आता शोधाबद्दल, कारण निम्मे वाचक इथेच निराश होऊन परत फिरतात. असलेली वस्तू सापडत नाही याची दोन कारणे आहेत. पहिले शुद्धलेखनाचे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२मध्ये लागू झाले आणि व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘करितां’, ‘घरीं’ असे लिहिलेले असते. आपण ‘नाव’ टाइप केले की यंत्र त्या पानांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या ग्रंथांत शोधायचे तर जुने लेखन करून शोधावे. दुसरे कारण संगणकाच्या पोटातले. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये. त्याआधी आणि नंतरही अनेकांनी ‘अ’वर चंद्र देऊन ते साधले. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला मात्र निराळे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘र’ही दोन प्रकारांनी टंकित होतो, आणि एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्याने लिहिलेले निसटते. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेली जुनी पाने तर आज अगम्य चिन्हांच्या ओळी होऊन पडली आहेत. त्यांत वर्तमानपत्रांचेही कितीतरी अंक आहेत. हे सगळे दुरुस्त करता येण्यासारखे आहे. शोधाच्या पेटीमागे पर्यायी लेखनांची एक सारणी बसवली की झाले. मराठीच्या बहुतेक संकेतस्थळांनी ती अजून बसवलेली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

गाण्यांकडे येताना पहिले नाव ‘आठवणीतली गाणी’. भावगीत, भक्तिगीत, चित्रपटगीत, नाट्यगीत, लावणी, अभंग अशा हजारो रचना इथे शब्दांसह आहेत. प्रत्येकीखाली गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, शक्य तिथे राग, आणि जोडीला अवघड शब्दांचे अर्थ नि गाण्याच्या जन्माची हकीकत. कोणत्याही मोठ्या संस्थेच्या पाठबळाशिवाय, केवळ आस्थेने हे काम वर्षानुवर्षे चालले आहे. शब्दांच्या बाबतीत मी या ठिकाणावर जितका विश्वास टाकतो तितका दुसऱ्या कुठल्याही गीतसंग्रहावर टाकत नाही. यूट्यूबवर गाणे मिळते, पण कवीचे नाव बहुतेकदा गळालेले असते, संगीतकाराच्या जागी गायकाचे नाव असते, नाटकातले पद चित्रपटातले म्हणून दिलेले असते. गाणे कोणाचे हे बिनचूक सांगणे हा त्या कलावंताचा हक्क आहे. तो जपणारे ठिकाण म्हणून या संग्रहाची थोरवी.

इथे हक्कांचा कायदा समजून घ्यायला हवा, कारण काय फुकट मिळते आणि काय नाही हे त्यावरच ठरते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या कृतीवर हक्क राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून. ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६मध्ये छप्पन्न गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकर १९७७मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३८पासून सर्वांचे होतील. सुधीर फडके २००२मध्ये गेले, तेव्हा चालीला २०६३ची वाट पाहावी लागेल. म्हणून आज जे संग्रह ही गीते देतात त्यांनी परवानगी घेतली आहे का, हे विचारणे रास्त आहे. आणि जिथे हक्क संपले आहेत तिथे मोकळेपणाने वापर करणे हेही तितकेच रास्त आहे.

हक्क संपलेल्यांत एक मोठे नाव विष्णु नारायण भातखंड्यांचे. ते १९३६मध्ये गेले. हिंदुस्थानी संगीताच्या शास्त्रावरचे त्यांचे मुख्य ग्रंथ मराठीत लिहिलेले आहेत, ‘हिंदुस्तानी संगीतपद्धती’ आणि बंदिशींची ‘क्रमिक पुस्तकमालिका’. देशभर विद्यार्थी त्यांचे हिंदी अनुवाद वापरतात. मूळ मराठी वाचण्याची संधी मराठी विद्यार्थ्याला आहे आणि त्याने ती सोडू नये. गुरुशिष्यांच्या संवादातून राग उलगडण्याची त्यांची हातोटी मराठीत जास्त जिवंत वाटते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती सापडतात.

रागसंगीत ऐकत ऐकत शिकायचे तर मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांचे संगीतभांडार उघडावे. एकेका रागावर निबंध, आणि प्रत्येक विधानाला ध्वनिफितीचा तुकडा. निबंध इंग्रजीत आहेत, मते ठाम आहेत, काही ठिकाणी माझे मत जुळत नाही. पण कान तयार करणारे इतके चांगले साधन मी दुसरे पाहिलेले नाही. ग्वाल्हेर घराण्याचे आचार्य विश्वनाथराव रिंगे यांच्या बंदिशी ‘तानरंग’ या संकेतस्थळावर आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनी संगीताला काय दिले याचा तो एक पुरावा. मुंबईच्या एनसीपीएने नेदरलँड्समधल्या संशोधकांबरोबर केलेला ‘ऑट्रिम’ हा प्रकल्प आणखी वेगळा आहे. गायक आलाप करत असतो आणि पडद्यावर त्याच्या स्वराची रेघ उमटत जाते. कोमल गंधार दरबारीत कसा हलतो, मींड कुठून निघून कुठे पोहोचते, हे कानाबरोबर डोळ्यांनाही कळते. शिकवणाऱ्यांनी वर्गात दाखवावे असे हे काम आहे.

जुन्या तबकड्यांसाठी विक्रम संपत यांचे ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ आहे. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे तासभर चालणारा राग कलावंताने त्यात कसा बसवला हे ऐकण्यासारखे असते. मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे अंकही इंटरनेटवर मिळतात. नाट्यसंगीताच्या अभ्यासकाला त्यांतल्या तबकड्यांच्या याद्या कामाला येतात.

पण मराठी संगीताचा मला सर्वांत मोठा वाटणारा संग्रह ना नाट्यगीतांचा आहे ना रागांचा. तो जात्यावरच्या ओव्यांचा आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून, सहकाऱ्यांच्या साथीने, दळणाऱ्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या. हजारांहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया, लाखाहून अधिक ओव्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीताचे फ्रेंच अभ्यासक आले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ने, म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने, २०१७पासून या ओव्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध केल्या. पान उघडले की ओवीचे शब्द दिसतात, आवाज ऐकू येतो, अनुवाद असतो, आणि गाणारीचे नाव, गाव, तालुका, वय, मुले, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख हे सगळे नोंदलेले असते. शक्य झाले तिथे कार्यकर्ते त्या बाईकडे पुन्हा गेले आहेत आणि तिचे आजचे छायाचित्र लावले आहे.

हे नीट लक्षात घेण्याजोगे आहे. लोकगीत म्हणजे ‘अनामिक’, ‘परंपरागत’ असे लिहून आपण शतकभर मोकळे झालो. या संग्रहाने ते नाकारले. विषयवार वर्गीकरण केले, त्यामुळे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या वेगळ्या वाचता येतात, भावाबहिणीच्या वेगळ्या, सासुरवासाच्या वेगळ्या, तुकाराम नि विठ्ठलाच्या वेगळ्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, गाणे थांबले. संग्रह झाला तो अगदी शेवटच्या पिढीच्या तोंडून. मराठीत ऑनलाइन संग्रह कसा करावा असा प्रश्न कोणी विचारला तर मी या पानांकडे बोट दाखवतो. पोवाडे, तमाशातली कवने, कलगी-तुऱ्याची भेदिक लावणी, दशावतार, गोंधळ यांचे असे काम अजून व्हायचे आहे. तुकडे पुष्कळ आहेत, जत्रेत कुणीतरी मोबाइलवर घेतलेले. गायक कोण, फड कोणाचा, साल कोणते, याचा पत्ता नसतो.

वाचनाच्या बाजूला साठा सर्वांत मोठा आणि सर्वांत विस्कळित आहे. केंद्र सरकारच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ योजनेत देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तके स्कॅन झाली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले. सुदैवाने कार्ल मालामूद यांच्या पुढाकाराने त्यातल्या बहुतांश पुस्तकांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जाऊन पोहोचल्या होत्या, म्हणून आज त्या वाचता येतात. हजारो मराठी पुस्तके त्यांत आहेत. पण त्यांची नावे रोमन लिपीत, कुणी कशीही अक्षरे घालून नोंदलेली. देवनागरीत शोधून ती मिळत नाहीत. उपाय एवढाच, की लेखकाचे आडनाव रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहायचे आणि पानांच्या चित्रावरून पुस्तक ओळखायचे. पाने गहाळ असतात, मुखपृष्ठ वेगळ्याच ग्रंथाचे असते. तरी चिकाटीने शोधणाऱ्याला इथे दुर्मिळ नियतकालिकांचे अंक, जुनी चरित्रे, बखरींच्या पहिल्या छापील आवृत्त्या मिळतात.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम मराठी ‘विकिस्रोत’ करते. एका बाजूला जुन्या पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. कोणीही नाव नोंदवून एकेक पान तपासू शकतो. तपासणी झाली नसेल तर पानाला लाल खूण, एकाने तपासले की पिवळी, दुसऱ्याने पडताळले की हिरवी. वाचकाला खुणेवरूनच कळते की किती विश्वास ठेवायचा. शाळा-महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी दर वर्षी एक पुस्तक घेऊन हिरवे करायचे ठरवले तर दहा वर्षांत एकोणिसावे शतक हाताशी येईल. जोतीराव फुले, ताराबाई शिंदे, केशवसुत, गडकरी, हरिभाऊ, लक्ष्मीबाई टिळक यांच्यावरचे हक्क कधीच संपले आहेत. साने गुरुजींचे लेखन २०११पासून, मर्ढेकरांचे २०१७पासून आणि चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी यांचे २०२४पासून मुक्त आहे.

संतवाङ्मयाबद्दल मला काळजी वाटते. ज्ञानेश्वरी, गाथा, भागवत, दासबोध सगळीकडे आहेत. ‘खापरे डॉट ऑर्ग’सारख्या जुन्या संकेतस्थळाने तर स्तोत्रे, अभंग, पोथ्या यांचा अफाट साठा लोकांना दिला. पण बहुतेक ठिकाणी कुठल्या प्रतीवरून मजकूर घेतला ते लिहिलेले नसते. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची संख्या प्रतीप्रमाणे बदलते. शासनाने काढलेल्या तुकारामांच्या गाथेत ४६०७ अभंग आहेत; देहूची प्रत, पंढरपूरची प्रत, वेगवेगळ्या फडांच्या प्रती यांत क्रम आणि पाठ निराळे. एका ठिकाणचा अभंगक्रमांक दुसरीकडे लागू पडत नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांतले घोटाळे पाहूनच. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याची निकड नाथांना जाणवली ती पाठाची काळजी आज टंकलेखन करणाऱ्यांनी सोडून द्यावी हे बरे नाही. एक ओळ पुरेशी असते: संपादक, प्रकाशक, साल.

नियतकालिकांत ‘साधना’ साप्ताहिक आणि ‘आजचा सुधारक’ यांनी जुने अंक वाचकांसाठी खुले केले आहेत. विचारप्रधान मराठी लेखन कसे होत गेले हे त्यांतून सलग वाचता येते. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ नव्या-जुन्या लेखकांची पुस्तके संमतीने मोफत पाठवते. दर्जा कमीजास्त आहे, पण लहान गावातल्या, प्रकाशक न मिळालेल्या लेखकाला वाचक मिळवून देणे हे त्यांचे काम मानण्यासारखे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ संगणकावर आणले आहेत, पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गोव्यातली जुनी वृत्तपत्रे जपली आहेत. गोमंतकातल्या मराठीच्या इतिहासासाठी तिथे गेल्यावाचून गत्यंतर नाही. विकत घ्यायच्या पुस्तकांसाठी ‘बुकगंगा’ आणि किंडल आहेत. दिवाळी अंकही आता तिथे मिळतात, परदेशातल्या वाचकाची मोठी सोय झाली.

बाकीच्या भाषांनी काय केले? तमिळमध्ये ‘प्रोजेक्ट मदुराई’ने १९९८पासून प्राचीन ग्रंथ टंकून मोकळे केले, स्वयंसेवकांच्या बळावर. उर्दूच्या ‘रेख्ता’वर शेरातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवले की अर्थ येतो, आणि त्याच घरात पुस्तके, आवाज, चरित्रे नांदतात. मराठीकडे सामग्री त्यांच्याहून कमी नाही. बृहद्कोश आहे, विकिस्रोत आहे, ओव्यांचा संग्रह आहे. ज्ञानेश्वरीतल्या शब्दावर बोट ठेवले तर तुळपुळे-फेल्डहाउस उघडेल, एवढे जोडकाम राहिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर निधीची चर्चा पुष्कळ झाली. त्यातला पहिला खर्च अशा जोडकामावर आणि स्थिर पत्त्यांवर व्हावा. शासकीय संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, आणि प्रबंधांत, लेखांत दिलेले शेकडो दुवे एका दिवसात मरतात. विश्वकोशाचेही असे झाले आहे.

पुढची मोठी तारीख जवळ येते आहे. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०३०ला दोघांचेही लेखन सर्वांचे होईल. अत्र्यांचे बरेचसे उपलब्ध आहे. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांच्या आणि वगांच्या पहिल्या आवृत्त्या मात्र स्वस्त कागदावर छापलेल्या होत्या, आणि कोणत्या ग्रंथालयात कोणती प्रत शिल्लक आहे याची यादी आत्तापासून करायला हवी. ‘फकिरा’ १९५९ची, तिची पहिली आवृत्ती ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती रद्दीत देण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला दाखवावी.